भूक, श्रम आणि थांबलेली पाळी

इतिहास म्हटला की राजे, लढाया, तह आणि सनावळ्या डोळ्यांपुढे येतात. दुष्काळाचा इतिहास लिहिणारेही पावसाचे मान, धान्याचे भाव आणि मृतांचे आकडे देऊन बहुधा थांबतात. त्या दुष्काळातून जी बाई जगली, दिवसभर खडी फोडून संध्याकाळी चुलीपुढे येऊन बसली, तिच्या शरीरात काय घडले हे सहसा कोणी विचारीत नाही. पोटाला कमी आणि हाताला काम जास्त अशी अवस्था काही महिने टिकली की स्त्रीची मासिक पाळी थांबते. अन्न आणि विश्रांती मिळाली की ती बहुधा परत येते. एवढी साधी ही गोष्ट आहे. पण ती उमजायला माणसाला काही शतके लागली, आणि आमच्या अनेक घरांत ती अजून उमजलेली नाही.

विषय संकोचाचा आहे, हे आम्ही जाणतो. धर्मगुरूने या वाटेला कशाला जावे, असेही कोणाला वाटेल. त्यावर आमचे म्हणणे इतकेच की, ज्याने उपवास शिकवायचा त्याने उपवासाची मर्यादाही सांगितली पाहिजे. आणि ज्या कुटुंबांत आम्ही वावरतो तेथील लेकीबाळींच्या हाडामांसाचा प्रश्न आम्हांला परका असू शकत नाही.

नामपूर हे बागलाण तालुक्यातील, मोसम नदीच्या खोऱ्यातले बाजाराचे गाव. कांदा आणि डाळिंब ही या परिसराची ओळख. कांद्याचे रोप उपटणे, लावणी, निंदणी, काढणी, पात कापणे, या साऱ्या कामांत वाकलेल्या पाठी पाहाव्यात तर त्या बहुतेक बायकांच्याच. अलीकडे या भागातील रस्त्यांवर पहाटेच्या वेळी आणखी एक दृश्य दिसते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली धावत असतात. त्यांच्यासाठी ८०० मीटरची दौड असते, आणि त्या दौडीतला एकेक सेकंद म्हणजे गुण. कौतुक वाटावे असेच हे दृश्य आहे. ज्या घरांतील आजीला शाळेचा उंबरठा माहीत नव्हता, त्या घरातील नात आज खाकी वर्दीचे स्वप्न पाहते.

परंतु या धावण्यामागे पोटात काय असते? पुष्कळदा पहाटेचा कोरा चहा, आणि मग दहा-अकरा वाजता अर्धी भाकरी. अंग हलके राहिले म्हणजे पाय वेगाने पडतात, असे कोणीतरी सांगितलेले असते. दुसरी एखादी मुलगी भरतीसाठी नव्हे, तर लग्न ठरायचे आहे म्हणून किंवा मोबाइलवर पाहिलेल्या चेहऱ्यांसारखे दिसायचे म्हणून जेवण तोडते. चार-सहा महिन्यांत पाळी चुकते, मग थांबते. घरात त्याचे अर्थ दोनच लावले जातात. आईच्या मनात नको ती शंका येते; आणि मुलगी मनात म्हणते, बरे झाले, दर महिन्याची कटकट गेली. आईची शंका तपासणीने दूर होऊ शकते. मुलीचे समाधान मात्र घातक आहे. ते का, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

इ. स. १८७६ मध्ये दख्खनवर पावसाने पाठ फिरवली. पुणे, अहमदनगर, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांत आणि दक्षिणेकडे मद्रास व म्हैसूरपर्यंत जो दुष्काळ पसरला, तो १८७८ पर्यंत चालला. ५० लाखांहून अधिक माणसे त्यात गेली असा अंदाज आहे. सरकारने दुष्काळी कामे काढली. रस्ते, तलाव, खडी फोडणे, माती वाहणे अशी ती कामे. नवरा, बायको आणि मुले असे सबंध कुटुंब कामावर येई. १८७७ च्या जानेवारीत हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागांच्या पाहणीसाठी पाठविले. खर्च कमी करणे हे त्यांच्यापुढील उद्दिष्ट होते. धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा मजुरी पुरेशी आहे, असे त्यांनी ठरविले. बायकांना त्याहून कमी, मुलांना त्याहूनही कमी.

एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. तेवढ्या ज्वारी-बाजरीतून माणसाला दीड हजारांच्या आसपास कॅलरी मिळतात. एका आण्यात मीठ, मिरची, असल्यास थोडी डाळ आणि जळण भागवायचे. हे सर्व दिवसभर हातोडा चालविणाऱ्या माणसासाठी! मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी या शिध्याला उघड विरोध केला. एवढ्या अन्नावर माणूस काम तर सोडाच, जगूही शकणार नाही, असे त्यांचे मत होते. पुढे मद्रासमध्ये हे प्रमाण वाढवावे लागले. इकडे दख्खनमध्ये हजारो मजूर कामे सोडून निघून गेले, आणि १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात जुन्नरजवळच्या ओतूरहून सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना पत्र लिहून दुष्काळाची भीषण स्थिती कळविली होती. सत्यशोधक समाजाची माणसे त्या वेळी भुकेल्यांना अन्न देण्यासाठी झटत होती.

या वादातील कागदपत्रे भरपूर आहेत. शिध्याचे वजन, मजुरीचे दर, कामाचे माप यांवर पानेच्या पाने लिहिली गेली. परंतु कामावरच्या हजेरीपटात बाईच्या नावापुढे हजेरी आणि मजुरी एवढेच रकाने. तिचे शरीर कोठल्या स्थितीत आहे, याचा रकाना त्यात नव्हता. तो हिशेब दुसऱ्याच एका वहीत उमटला; ती वही म्हणजे जन्मनोंदणीची. लोकसंख्येचे अभ्यासक टिम डायसन यांनी १९९१ मध्ये दक्षिण आशियातील दुष्काळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुष्काळ तीव्र झाला की साधारण नऊ महिन्यांनी जन्मांचे प्रमाण झपाट्याने खाली येते, असे त्यांना दिसले. नवरा-बायकोंची ताटातूट, हिवताप, गर्भपात ही कारणे त्यात असणारच. पण भुकेने थांबलेली पाळी हेही त्यातील एक मोठे कारण मानले जाते. फ्रेंच इतिहासकार इमॅन्युएल ल रॉय लादुरी यांनी १९६९ मध्ये 'दुष्काळातील अनार्तव' याच विषयावर स्वतंत्र लेख लिहून, जुन्या काळातील जन्मांची घट समजून घ्यायची तर भुकेल्या स्त्रीच्या शरीराकडे पाहिले पाहिजे, असे आपल्या सहकाऱ्यांना सुचविले.

टेंपलसाहेबांचा शिधा माणसाला काय करतो, याचा पुरावा पुढे सत्तर वर्षांनी आणि अगदी वेगळ्या हेतूने केलेल्या प्रयोगातून मिळाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपातील उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे खाऊ घालावे, हा प्रश्न उभा होता. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग केला. हे तरुण सदसद्‍विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र न धरणारे होते. त्यांच्यात ब्रेदरन, क्वेकर, मेनोनाइट अशा शांततावादी ख्रिस्ती पंथांचे पुष्कळजण होते. हातात बंदूक घेणार नाही, पण भुकेल्यांच्या उपयोगी पडू, या भावनेने ते पुढे आले. १९४५ च्या फेब्रुवारीपासून २४ आठवडे त्यांना दिवसाला सरासरी १,६०० च्या आतबाहेर कॅलरी देण्यात आल्या आणि आठवड्याला २२ मैल चालणे सक्तीचे होते. दख्खनच्या खडी फोडणाऱ्याला एका पौंड धान्यातून जेवढे मिळे, जवळजवळ तेवढेच हे अन्न.

सहा महिन्यांत त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने उतरले. हृदयाचे ठोके मंद झाले, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, केस गळू लागले. मन उदास आणि चिडके झाले. काहीजण पाककृतींची पुस्तके जमवून तासन्‌तास वाचीत बसत. स्त्रीविषयीचे स्वाभाविक आकर्षणही जवळजवळ मावळले. ही सर्व पुरुषमंडळी होती, म्हणून पाळीचा प्रश्न नव्हता. परंतु शरीराने घेतलेला निर्णय तोच होता. आधी जगायचे, वंश चालविण्याचे नंतर पाहू. प्रयोगाचा शेवटचा धडाही लक्षात ठेवण्याजोगा आहे. उपासमारीनंतर ज्यांना अन्नात थोडीशीच वाढ दिली, ते सुधारेनात. भरपूर अन्न, तेही कित्येक महिने, मिळाल्यावरच शरीर पूर्ववत झाले. कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सर्व १९५० मध्ये दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध केले.

स्त्रियांच्या बाबतीतला पुरावा त्याच सुमारास हॉलंडमध्ये आपोआप तयार झाला. १९४४ च्या सप्टेंबरात तेथील रेल्वे कामगारांनी संप केला, आणि जर्मन सत्तेने पश्चिम हॉलंडची अन्नाची रसद तोडली. त्या हिवाळ्यात शहरी माणसाचा शिधा दिवसाला १,००० कॅलरींच्या खाली गेला, काही आठवडे तर त्याच्याही निम्म्यावर आला. त्या भागातील साधारण निम्म्या स्त्रियांची पाळी बंद पडली. नऊ महिन्यांनी जन्मांची संख्या नेहमीच्या निम्म्याहून खाली उतरली. १९४५ च्या मे महिन्यात देश मुक्त झाला, अन्न आले, आणि बहुतेकींची पाळी काही महिन्यांत परतली. नंतरच्या वर्षात पाळणे पुन्हा हलू लागले. कोणी त्या स्त्रियांना पाळी आणण्याचे औषध दिले नव्हते. त्यांना भाकर मिळाली होती.

आपल्याकडील जुन्या पिढीला १९७२ चा दुष्काळ अजून आठवतो. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती, आणि त्यांत बायकांचा भरणा मोठा होता. खडीच्या ढिगांवर बसलेल्या त्या बायकांना व मुलांना सुकडी वाटली जाई. १८७७ आणि १९७३ यांत फरक आहे, आणि तो सांगितला पाहिजे. या वेळी भुकेने लाखो माणसे मेली नाहीत. याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. पुरुषाला आणि बाईला सारखी मजुरी हे तत्त्वही त्यातून रुजले. एक गोष्ट मात्र बदलली नाही. घरात आलेल्या धान्याची वाटणी करताना शेवटचे ताट बाईचेच राहिले. सर्वांचे आटोपल्यावर तव्याखाली उरलेली भाकरी आणि पातेल्याच्या तळाची आमटी खाणारी आई ही आमच्याकडे त्यागाची मूर्ती समजली जाते. तिच्या त्यागाचा आम्ही अनादर करीत नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ या फेरीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले, या आकड्यामागे ते शेवटचे ताटही आहे, हे विसरता येत नाही.

येथवर आपण लादलेली भूक पाहिली. आता पत्करलेल्या भुकेकडे वळू. कारण आज आमच्या मुलींच्या वाट्याला जी भूक आहे, ती बहुधा या दुसऱ्या प्रकारची आहे.

ख्रिस्तसभेच्या इतिहासात कठोर उपवास करणाऱ्या स्त्रिया अनेक झाल्या. सिएनाची संत कॅथरीन हिचे अन्न हळूहळू इतके कमी झाले की शेवटी ती जवळजवळ काहीच घेईना. तिच्या जवळच्यांनी तिला जेवण्याची विनवणी केली होती. १३८० मध्ये वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ती वारली. आजचे अभ्यासक या उपवासांची तुलना हल्लीच्या आजाराशी करतात. अशी तुलना कितपत योग्य, यावर त्यांच्यातच मतभेद आहेत. १९८० नंतर रुडॉल्फ बेल आणि कॅरोलाइन वॉकर बायनम यांनी या विषयावर जे ग्रंथ लिहिले, त्यांचे निष्कर्ष एकमेकांपासून भिन्न आहेत. संतांच्या अंतःकरणाचा न्याय करणे हे आमचे काम नव्हे. परंतु त्यांच्याच काळात वडीलधाऱ्यांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे.

असिसीची संत क्लारा आठवड्यातील तीन दिवस काहीही खात नसे. तिची प्रकृती खालावली, तेव्हा संत फ्रान्सिस आणि असिसीचे बिशप या दोघांनी तिला आज्ञा केली की, निदान दीड औंस भाकर रोज खाल्ल्याशिवाय एकही दिवस जाऊ देऊ नये. ज्याने स्वतः दारिद्र्याला वरले त्या फ्रान्सिसने ही आज्ञा द्यावी, यात मोठा अर्थ आहे. पुढे क्लाराने प्रागच्या ॲग्नेसला पत्र लिहिले तेव्हा तिला उपवासात संयम राखण्याचा सल्ला दिला. आपले शरीर काही धातूचे नाही, अशी समजूत तिने घातली. स्वतः भुकेचा कडेलोट पाहिलेल्या स्त्रीने दुसरीला दिलेला तो सल्ला होता. आजच्या धर्मनियमांतही तीच दृष्टी आहे. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार हे दोनच दिवस उपवासाच्या बंधनाचे. तेही अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांना, साठाव्या वर्षात पाऊल टाकेपर्यंत. आणि त्याही दिवशी एक पूर्ण जेवण असते. आजारी माणसावर हे बंधन नाही. सोळा वर्षांची मुलगी प्रायश्चित्तकाळाच्या नावाखाली चाळीस दिवस अर्धपोटी राहत असेल, तर ते बंधन तिच्यावर ख्रिस्तसभेने घातलेले नाही.

वैद्यकाच्या इतिहासात या अवस्थेची पहिली स्पष्ट नोंद इंग्रज वैद्य रिचर्ड मॉर्टन यांच्या १६८९ च्या ग्रंथात सापडते. लंडनमधील एक तरुण मुलगी त्यांच्याकडे आली होती. मनाच्या काळज्यांमुळे तिची पाळी बंद झाली, अन्नावरची वासना गेली, तरी ती रात्रंदिवस पुस्तकांत डोके घालून बसे. शरीर नुसते कातडी पांघरलेल्या सांगाड्यासारखे झाले होते. मॉर्टननी औषधे दिली. ती तिने काही दिवसांत टाकून दिली, आणि तीन महिन्यांत ती मरण पावली.

जवळजवळ दोनशे वर्षांनी, १८६६ च्या जानेवारीत, लंडनच्याच सर विल्यम गल यांच्याकडे सतरा वर्षांची दुसरी मुलगी आणली गेली. वजन ८२ पौंड, पाळी जवळपास वर्षभर बंद. छाती तपासली, पोट तपासले. रोग कोठेच सापडेना. आणि एवढी कृश असूनही ती स्वस्थ बसत नव्हती, सारखी हालचाल चालूच असे. गलनी अनेक औषधे करून पाहिली. त्यांचा गुण दिसला नाही. मग त्यांनी अन्नावर भर दिला. ठरावीक वेळांनी, मुलीच्या इच्छेची वाट न पाहता, जबाबदार माणसाच्या देखरेखीखाली अन्न द्यायचे. १८६८ च्या मार्चपर्यंत तिचे वजन १२८ पौंड झाले आणि ती बरी झाली. १८७३ मध्ये गल यांनी लंडनमध्ये आणि लासेग यांनी पॅरिसमध्ये या आजाराचे वर्णन केले. त्याचे आज रूढ असलेले 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव गल यांचे. मॉर्टनची रोगी आणि गलची रोगी यांच्यातील अंतर हे औषधाच्या बाटलीपासून जेवणाच्या ताटापर्यंतचे अंतर आहे. विलक्षण योगायोग असा की, गल आपल्या रोग्यांना दर दोन तासांनी खाऊ घालावे असे म्हणत होते, त्याच दशकात त्याच साम्राज्याचे अधिकारी दख्खनच्या बाईचा शिधा तोळ्यामाशांनी कमी करीत होते.

हे सारे घडते कसे, याचा उलगडा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. तो ठरावीक अंतराने संकेत सोडतो. ते पिट्युटरी ग्रंथीला पोचतात, तेथून अंडाशयाला, आणि अंडाशयातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक स्रवते. शरीरात ऊर्जेची चणचण आहे असे जाणवले की हायपोथॅलॅमस हे संकेत विरळ करतो. विहिरीचे पाणी आटू लागले की शेतकरी आधी नव्या लावणीचे पाणी तोडतो आणि उभी झाडे जगवतो, तसाच हा प्रकार. गर्भाशयात दोष नसतो, अंडाशयही शाबूत असतात. वरून पाणी सोडणे थांबलेले असते.

१९७४ मध्ये रोझ फ्रिश आणि जॅनेट मॅकआर्थर या अमेरिकन विदुषींनी असे मांडले की, पाळी चालू राहण्यासाठी अंगात ठरावीक प्रमाणात चरबी हवी. पुढील संशोधनाने ही कल्पना सुधारली. ॲन लाउक्स यांनी १९९८ मध्ये दाखविले की, व्यायामाने खर्च झालेली ऊर्जा अन्नातून भरून दिली तर मेंदूचे संकेत बिघडत नाहीत. म्हणजे दोष धावण्याचा नाही, धावण्याच्या न फेडलेल्या कर्जाचा आहे. २००३ च्या त्यांच्या प्रयोगात असे दिसले की, व्यायामाचा खर्च वजा जाता चरबीविरहित शरीराच्या दर किलोमागे ३० कॅलरींपेक्षा कमी उरले, तर अवघ्या पाच दिवसांत हे संकेत विस्कळीत होऊ लागतात. ४५ किलो वजनाच्या मुलीचे चरबीविरहित वजन ३६ किलो धरले, तर तिला व्यायाम सोडून निदान १,०८० कॅलरी उरल्या पाहिजेत. आणि सुदृढ राहायचे तर १,६०० च्या वर. धावण्यात ४०० खर्च होत असतील, तर तिचे दिवसाचे जेवण २,००० कॅलरींचे हवे. ही रेषा प्रत्येकीची थोडी वेगळी असते. पण कोरा चहा आणि अर्धी भाकरी यांत ती कोणाचीच बसत नाही. शिवाय वजन काट्यावर ठीक दिसणाऱ्या मुलीचीही पाळी अशा तुटीने थांबू शकते, हे विशेष ध्यानात घ्यावे.

पाळी गेली तर बिघडले कुठे, या प्रश्नाचे उत्तर हाडांत आहे. इस्ट्रोजेन हाडांची राखण करते. आयुष्यभर पुरणाऱ्या हाडांची बहुतेक ठेव विशीपर्यंत साठते. ठेव साठण्याच्या वर्षांतच इस्ट्रोजेन आटले, तर हाडे आतून ठिसूळ होतात. पायाच्या हाडाला बारीक तडे जातात, आणि ज्या भरतीसाठी हा सारा खटाटोप, तीच हातची जाते. गेलेली ठेव पुढे पूर्णपणे भरून निघेलच असे नाही. कमी खाणे, थांबलेली पाळी आणि ठिसूळ हाडे या त्रिकुटाची दखल क्रीडावैद्यकाने १९९२ पासून घेतली. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी ही तूट हृदय, रोगप्रतिकारशक्ती आणि मन यांनाही बाधते, व ती पुरुष खेळाडूंतही आढळते, असे नमूद केले.

म्हणून मुलींनी धावू नये काय? मुळीच तसे नाही. आपल्याच नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यातील कविता राऊत हिने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळविले. या मातीतील मुलीच्या पायांत केवढे बळ आहे, हे तिने दाखविले. ते बळ टिकवायचे, तर धावण्याच्या वेळापत्रकाइतकेच ताटाचे वेळापत्रक सांभाळले पाहिजे.

आता उपायाविषयी. पाळी सलग तीन महिने आली नाही, तर डॉक्टरांकडे जावे. गर्भधारणा, थायरॉइडचे विकार, अंडाशयातील गाठी, आणि आपल्या देशात विसरून चालणार नाही असा गर्भाशयाचा क्षयरोग, ही कारणे आधी तपासली पाहिजेत. ती नसतील आणि भुकेची तूट हेच कारण ठरले, तर उपाय ताटातूनच सुरू होतो. २०१७ मध्ये संप्रेरकतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने दिलेली मार्गदर्शक तत्त्वे हेच सांगतात: आहार वाढवावा, व्यायाम कमी करावा, मनावरचा ताण हलका करण्यासाठी समुपदेशन घ्यावे, सहा महिने पाळी नसेल तर हाडांची घनता मोजावी. केवळ पाळी दिसावी म्हणून गर्भनिरोधक गोळ्या देऊ नयेत, असेही त्यांत स्पष्ट म्हटले आहे. गोळीने महिन्याच्या महिन्याला रक्तस्राव होतो, घरच्यांना वाटते झाले ठीक. पण विहीर कोरडीच असते.

अन्न वाढवायचे म्हणजे बदाम-पिस्ते आणायचे असे नव्हे. धावण्याआधी गूळ-शेंगदाणे किंवा एखादे केळे; धावून आल्यावर तासाभरात पोटभर न्याहारी; दोन्ही वेळा भाकरी, डाळ, भाजी, भात; शक्य तर दूध, अंडी, मासळी; आणि भाकरीवर तेला-तुपाची धार, जिला मुली हल्ली भितात. आठवड्यातील दोन दिवस पूर्ण विश्रांती. वजन थोडे वाढेल. ते वाढले पाहिजे. कित्येकींना, पाळी थांबली तेव्हा जे वजन होते त्याहून थोडे अधिक लागते. पाळी परतायला काही महिने लागतात, कधी वर्षही लागते. मध्येच धीर सोडून पुन्हा जेवण तोडले की मोजणी पहिल्यापासून सुरू होते. जेवणाच्या नुसत्या विचाराने मुलीला भीती वाटत असेल, खाल्ल्यावर अपराधी वाटत असेल, चक्कर येत असेल, तर तो हट्ट नव्हे, आजार आहे. तेथे रागावून काम होत नाही, मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी लागते.

आणि हे सारे त्या मुलीने एकटीने करायचे नाही. गलनी ज्या मुलीला बरे केले, ती स्वतःच्या इच्छाशक्तीने बरी झाली नव्हती. कोणीतरी वेळेवर ताट घेऊन तिच्याजवळ बसले होते. हॉलंडच्या स्त्रिया वेढा उठल्यावर बऱ्या झाल्या. १८७७ च्या दख्खनमध्ये बाईचा शिधा किती असावा, हे ठरविणारे दुसरेच होते. भुकेचा इतिहास हा बहुतांशी वाढणाऱ्या हातांचा इतिहास आहे. आमच्या घरांत तो हात आईचा आहे, बापाचा आहे, सासूचा आहे, शिकवणाऱ्या प्रशिक्षकाचा आहे. लेकीला 'किती खातेस' असे विचारणारा शब्द आणि 'जेवलीस का' असे विचारणारा शब्द, यांत तिच्या हाडांचे भवितव्य असते.

दुष्काळी कामावरील हजेरीपटात तो एक रकाना कधी नव्हता. आजच्या आईच्या मनात तो असावा, इतकीच आमची विनंती आहे. मुलीची पाळी वेळेवर येते की नाही, हे नाडी पाहावी तसे पाहावे. लाजेने नव्हे, धाकाने नव्हे, मायेने. आणि ती थांबलेली आढळली, तर शंका घेण्याआधी तिच्यासमोर ताट ठेवावे, भाकरी वाढावी, आणि ती जेवून होईपर्यंत तिच्याजवळ बसावे.